अक्षर आधी हाताला कळू द्या
ताई, अक्षरे ओळखायला अडखळणाऱ्या तुमच्या मुलाला घरीच शिकवायचे ठरवले आहे, तर पहिले काही आठवडे पुस्तक बाजूला ठेवा. माझा मुलगा ‘घ’ आणि ‘ध’ यांत सतत गोंधळत असे; आपल्या खानदेशातल्या दादर ज्वारीचे पीठ परातीत पसरून, अक्षर मोठ्याने उच्चारत ते बोटाने गिरवायला लावले, तेव्हा कुठे त्याला फरक उमगला. एका बैठकीला १०-१५ मिनिटे पुरेत. तुमच्या मुलाने उत्तर अहिराणीत दिले तरी ते बरोबर माना, कारण तिथे आकलन तपासायचे असते, प्रमाण मराठी नव्हे. अशा अडखळण्यामागे विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) असू शकते; तिचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे, म्हणून तपासणी करून प्रमाणपत्र वेळेवर घ्या. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस, जिथून नियमित शाळेत न जाता परीक्षा देता येते) दहावीला बसवताना जादा वेळ किंवा लेखनिक मागण्यासाठी ते लागेल.