नोकरी सोडून वर्षभर कादंबरी लिहू का?

ताई, तुमचा प्रश्न असा की मार्चमध्ये नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडायची आणि वर्षभर घरी बसून तिथल्याच जुन्या, बंद पडलेल्या एम्प्रेस कापड मिलच्या कामगारांवरच्या कादंबरीचा पहिला खर्डा लिहायचा. हातात पगार ६२ हजार, भाड्यासकट खर्च ३८ हजार, एफडी ७ लाख, आईला शुगर.

राजीनामा आत्ता नको. कादंबरी मात्र याच आठवड्यात सुरू करा.

हिशोब पाहा ना, वर्षाचा खर्च ४ लाख ५६ हजार, नंतर नवी नोकरी मिळेपर्यंत ३ महिने धरले तर अजून १ लाख १४ हजार, उरले फक्त १ लाख ३० हजार, आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबतच जातो, मग धंतोलीतल्या एखाद्या हॉस्पिटलात आईंना एकदा ॲडमिट करावं लागलं तर त्यातलं काय उरणार? पीएफ यात धरूच नका. रॉयल्टीचंही तसंच, साधारण १० टक्के मिळते, ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या तरी ३० हजार, तेही कधी येतील सांगता येत नाही.

आणि खरं सांगू का, पहिल्या खर्ड्याला वर्षाची सुट्टी लागत नाही. सकाळी ऑफिसच्या आधी ५०० शब्द, आठवड्यातून ५ दिवस, महिन्याला १० हजार होतात, ८ महिन्यांत ८० हजार शब्द, म्हणजे चांगली जाड कादंबरी. कच्चं असू द्या, मागचं पान दुरुस्त करत बसू नका. रविवारी जुन्या कामगारांना गाठा, ती माणसं आता थकली आहेत, हे काम पुढे ढकलू नकाच.

सलग वेळ लागतो तो पुनर्लेखनाला, कारण तेव्हा अख्खी कादंबरी एकदम डोक्यात धरावी लागते. तेव्हा ३ महिन्यांची बिनपगारी रजा घ्या. तोवर दरमहा २० हजार वेगळ्या आरडीत टाकलेत तर ८ महिन्यांत १ लाख ६० हजार होतात, रजेचा खर्च त्यातून निघतो आणि एफडीला हात लागत नाही.

आईंची स्वतंत्र हेल्थ पॉलिसी मात्र लगेच काढा. शुगरसारख्या जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि फॉर्मवर शुगर लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी अडतं. बिनपगारी रजेत कंपनीचा मेडिक्लेम चालू राहतो का हे एचआरकडून लेखी घ्या. नाही म्हणाले तर रजेच्या आधी तुमचीही पॉलिसी काढून ठेवा.