फोंड्यात राहतो, ८ वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात दम लागतो. डॉक्टरांनी रोजचा इनहेलर दिलाय. त्याची सवय तर लागणार नाही ना?

नाही, सवय लागत नाही. ही भीती आधी मनातून काढून टाका.

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात आणि थोडंसं निमित्त मिळालं की आवळतात. सॅल्बुटामॉलचा पंप आवळलेली नळी काही मिनिटांत सैल करतो, सूज मात्र तशीच राहते. ती उतरवतो ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा रोजचा पंप, आणि बरं वाटलं की लोक नेमका तोच बंद करतात! त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, स्टिरॉइडच्या गोळीची मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पंपातली मात्रा खूपच कमी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

मुलीला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या. पंप हलवायचा, एका वेळी एकच फवारा, श्वास सावकाश आत घेऊन जमेल तसा १० सेकंदांपर्यंत धरायचा. नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.

आपल्याकडे पावसात भिंतींना बुरशी धरते, गाद्या सर्द होतात. तिची खोली आधी बघा. धूप, मच्छर अगरबत्ती नकोच.

बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा सॅल्बुटामॉलच्या पंपाने उतार पडला नाही, तर लगेच १०८ ला फोन करा. सकाळ व्हायची वाट पाहू नका.