पहिल्यांदाच महालक्ष्मी रेसकोर्सला म्युझिक फेस्टिव्हलला जाताय ना, मग हे वाचा

अरे सगळ्यात आधी, बूटच घाला, चप्पल किंवा सँडल अजिबात नको, गर्दी उड्या मारायला लागली की पायाचा भुगा होतो. लोलापलूझा हा म्युझिक फेस्टिव्हल इथे २०२३ पासून होतोय आणि मैदान एवढं मोठंय की एका स्टेजवरून दुसऱ्यावर जाण्यातच दमायला होतं, त्यामुळे दुपारी उन्हात पुढे घुसून सगळा दम संपवू नका. मित्राबरोबर चाललायस तर आत शिरल्या शिरल्या भेटायची जागा ठरवा, कारण गर्दी वाढली की नेटवर्क मरतं, मी एकदा दीड तास "कुठंयस" पाठवत बसलो, सगळे मेसेज घरी पोचल्यावर गेले 😅 खुणेला झेंडा वगैरे धरू नका, तो हलतो. साउंड कन्सोलचा, म्हणजे आवाज कंट्रोल करतात तो तंबू असतो ना, त्याच्या जरा पुढे उभे राहा, आवाज सगळ्यात चांगला तिथेच, पुढे बॅरिकेडला नुसता बास छातीत धडधडतो. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घे, वीस-तीस रुपयांत येतात, लोक हसले तर हसू देत. रात्री दहाच्या आसपास आवाज बंद होतो आणि मग कॅबचे रेट बघवत नाहीत, सरळ चालत महालक्ष्मी स्टेशन गाठा, रिटर्न तिकीट सकाळीच काढलेलं बरं.