गंधहीन कोण, पेशंट की पाणी?

प्रश्न असा आलाय की कोविडमध्ये किंवा साध्या व्हायरल सर्दीत वास कळेनासा होतो, त्याला मराठीत 'गंधहीनता' म्हणायचं का. अजिबात नाही. हा शब्द बातम्यांत वाचून वाचून वैताग आलाय म्हणून स्पष्टच लिहितो. गंधहीन असते ती वस्तू, शुद्ध पाणी गंधहीन असतं. पेशंटला गंधहीन म्हटलं तर त्याच्या अंगाला वास नाही एवढाच अर्थ होतो आणि त्याची तक्रार ती नाहीच मुळी! झालंय असं की वास न कळण्याला डॉक्टर जो इंग्रजी शब्द वापरतात त्या अ‍ॅनॉस्मियाचे तुकडे पाडले, ग्रीकमध्ये 'अन्' म्हणजे नाही आणि 'ऑस्मे' म्हणजे वास, की लगेच गंधहीनता तयार. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत वातविकारांच्या यादीत 'घ्राणनाश' आहे, म्हणजे वास घेण्याची शक्ती जाणं, त्याच्या शेजारीच 'अरसज्ञता', म्हणजे चव न कळणं. त्यांनी बिघाड बरोबर नाकाकडे दिला, वस्तूकडे नाही. ज्यांना परिभाषा घडवायची हौस आहे त्यांनी आधी हे बघायला हवं होतं.

पण मला खरं बोलायचंय ते 'वास' या शब्दावर. राहणं या अर्थाचा वास (वनवास, सहवास) आणि नाकाला येतो तो वास हे कोशकार वेगवेगळे धरतात, मोनिअर विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशातही दोन्ही वेगळेच आहेत. मला हे पटत नाही. माझं मत असं की मुळात कल्पना एकच, जो येऊन राहतो तो वास. फूल उचलून नेलं तरी कापडात उरतो तो वास. 'वासना' बघा ना, आज आपण तिला नुसती इच्छा करून टाकलीय पण दर्शनशास्त्रात वासना म्हणजे मनावर मागे राहिलेला संस्कार, आणि तो समजावताना जुना दृष्टांत कुठला, तर फुलांच्या सहवासाने तिळात मुरणारा सुगंध! राहणं आणि दरवळणं एकाच दृष्टांतात आलंय, आणखी कसला पुरावा हवाय? व्याकरणवाले म्हणतील हा नुसता अर्थाचा योगायोग आहे. म्हणोत बापडे.

आणि आजारातही हेच दिसतं. साध्या सर्दीत नाक चोंदतं त्यामुळे वास आतच पोचत नाही, पण कोविडमध्ये नाक मोकळं असूनही वास येत नव्हता, कारण विषाणू मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. मग कित्येकांना बरं होताना ओळखीचे वास उलटे यायला लागतात, कॉफीचा वास जळकट किंवा कुजका येतो (मी याला 'वास फिरणे' म्हणतो), आणि काहींना तर समोर काहीच नसताना वास येतो. फुलाशिवाय राहिलेला वास म्हणजे अक्षरशः वासनाच की ही. इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना आपण त्याला लाजतो याचं मला फार वाईट वाटतं.

हां, मूळ प्रश्न. लेखात 'घ्राणनाश' लिहा, पूर्ण गेला नसेल तर 'घ्राणमांद्य' चालेल. बोलताना सरळ 'मला वास येत नाही' म्हणा. 'माझा वास गेला' नको, त्यात परत तोच घोळ आहे.