‘रोझ बोल’मधला ‘बोल’ म्हणजे चषक नव्हे

विचारणा अशी आली आहे: भाची ओहायो स्टेट विद्यापीठात शिकते. २०२५च्या जानेवारीत तिने घरच्या ग्रुपवर कळवलं, ‘आम्ही रोझ बोल जिंकलो.’ दहा दिवसांच्या आत दुसरा निरोप, ‘कॉटन बोलही जिंकलो.’ आणि विजेतेपदाचा सामना अजून व्हायचाच होता. एक करंडक झाला, दुसरा झाला, तरी स्पर्धा संपेना, हे कसं? हा ‘बोल’ म्हणजे वाडगा का? क्रिकेटमधल्या बोलिंगशी त्याचं नातं आहे का? आणि मराठीत लिहायचं काय: बोल, बाऊल की चषक?

चषक आधी बाजूला ठेवू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे खेळाच्या पानावर भांडं दिसलं की ते जिंकायचं असतं. रणजी करंडक, संतोष करंडक, विश्वचषक ही सवय इतकी मुरलेली आहे की ‘रोझ बोल जिंकला’ हे वाचताना डोळ्यांपुढे चांदीचा वाडगाच येतो. प्रत्यक्षात अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये (हा आपला फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ) ‘बोल’ हे बक्षिसाचं नाव नाही, सामन्याचं आहे. जिंकणाऱ्या संघाला ट्रॉफी मिळते, पण ती वेगळी. बोल म्हणजे साखळी हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत होणारा एकेक स्वतंत्र सामना. तरीही वाडग्याची शंका अगदीच अनाठायी नाही. वाडगा आहेच, फक्त तो ट्रॉफीचा नसून स्टेडियमचा आहे.

कॅलिफोर्नियात पॅसाडिना गावी नववर्षाच्या दिवशी गुलाबांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक निघते. १८९० पासूनची प्रथा. उत्सवाला जोड म्हणून १ जानेवारी १९०२ ला तिथे फुटबॉलचा एक सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं आणि आठ मिनिटं उरलेली असतानाच स्टॅनफर्डने हार पत्करली. आयोजकांनी फुटबॉलचा नादच सोडला आणि पुढे बरीच वर्षं घोड्यांच्या रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परतला तो १९१६ साली. एवढ्या काळात ‘बोल’ हा शब्द कुठेही नाही. सामना आहे, गुलाब आहेत, वाडगा नाही.

वाडगा आला देशाच्या दुसऱ्या टोकाकडून. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाने १९१४ साली नवं स्टेडियम बांधलं. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मधली जमीन खोल खणली, निघालेली माती भोवती गोल रचून तिचा बांध केला आणि त्या उतारावर बाकांच्या रांगा बसवल्या. त्यामुळे खेळाचं मैदान बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली आणि प्रेक्षक चहूबाजूंनी वर. आत जायचं ते मातीच्या पोटातून काढलेल्या बोगद्यांतून. जवळपास ७० हजार माणसं मावतील एवढं हे भांडं पाहून त्याचं नाव ‘येल बोल’ पडलं. हार्वर्डने तिथल्या पहिल्याच सामन्यात येलचा ३६-० असा धुव्वा उडवला, पण नाव टिकलं.

पॅसाडिनातल्या उत्सवाला गर्दी आवरेना, तेव्हा वास्तुविशारद मायरन हंट यांनी येलचाच नमुना समोर ठेवून अरोयो सेकोच्या घळीत स्टेडियम उभारलं. १९२२ साली ते खुलं झालं, आणि गुलाबांच्या उत्सवाचं म्हणून ‘रोझ बोल’. मला यातला एक तपशील फार आवडतो. हे स्टेडियम सुरुवातीला पूर्ण वाडगा नव्हतंच. दक्षिणेची बाजू उघडी होती, आकार घोड्याच्या नालासारखा. नाव आधी पडलं, आणि १९२८ साली ती बाजू बांधून काढल्यावर स्टेडियम त्या नावाला जागलं. १ जानेवारी १९२३ पासून नववर्षाचा सामना तिथे होऊ लागला आणि लोक त्या सामन्यालाही ‘रोझ बोल’च म्हणू लागले.

जागेचं नाव कार्यक्रमाला लागणं आपल्याला नवीन नाही. कोल्हापूर-सांगलीकडे ‘यंदा जत्रेत मोठं मैदान आहे’ म्हटलं की कोणी मोकळी जागा शोधत नाही, कुस्त्या आहेत हे कळतं. ‘मैदान भरवलं’, ‘मैदान गाजवलं’ यांत मैदान म्हणजे कुस्त्यांचा कार्यक्रमच. शाहू महाराजांनी उभारलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान तर आकारानेही याच जातीचं आहे: मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेला मातीचा उतार. ते १९१२चं, म्हणजे येल बोलपेक्षा दोन वर्षांनी वडील.

आता शब्दाची खरी उडी. १९३० च्या दशकात मंदीने ग्रासलेल्या, पण हिवाळ्यातही उबदार असणाऱ्या दक्षिणेकडच्या शहरांनी पॅसाडिनाकडे पाहिलं. नववर्षाला सामना ठेवला तर थंडीने गारठलेल्या भागांतून पाहुणे येतील, हॉटेलं भरतील, हे त्यांनी ताडलं. १९३५ साली मायामीत ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर बोल आणि टेक्ससच्या एल पासोत सन बोल सुरू झाले, १९३७ साली डॅलसला कॉटन बोल. संत्री, साखर, ऊन, कापूस: ज्या गावचं जे पिकतं किंवा मिरवतं, ते पुढे आणि ‘बोल’ मागे. एल पासोचं सन बोल स्टेडियम तर १९६३चं. म्हणजे सामना आधी आणि वाडगा मागाहून. इथे बोलचा अर्थ बदलून गेला. तो आकार राहिला नाही, ‘नववर्षाच्या सुमाराचा मानाचा सामना’ एवढाच उरला.

याचा पक्का पुरावा युद्धाने दिला. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. पश्चिम किनाऱ्यावर मोठी गर्दी जमवणं धोक्याचं ठरलं, तेव्हा १ जानेवारी १९४२चा रोझ बोल हजारो मैल दूर, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅम गावी ड्यूक विद्यापीठाच्या मैदानावर झाला. ओरेगन स्टेटने ड्यूकला २०-१६ असं हरवलं. वाडगा पॅसाडिनातच राहिला, बोल डरॅमला गेला. कोविडच्या काळात, १ जानेवारी २०२१ ला, तो असाच टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला हलवावा लागला. कॉटन बोल तर २०१० पासून कॉटन बोल नावाच्या स्टेडियममध्ये होतच नाही. तोही आर्लिंग्टनलाच असतो. व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा ‘सुपर बोल’ हा शब्द याच घरातून उसना गेलेला आहे. त्या नावाचं स्टेडियम कधीच नव्हतं.

एकदा शब्द असा सुटा झाला की त्याच्यापुढे काहीही लागू शकतं. प्रायोजक कंपन्यांनी ते केलंही. आयडाहोच्या बॉयसी शहरात निळ्या रंगाच्या कृत्रिम गवतावर बटाट्याच्या नावाचा बोल होतो. शार्लटला मेयोनेजच्या नावाचा होतो आणि तिथे जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर बादलीभर मेयोनेज ओततात. अशा नावांवर नाक मुरडणारे तिकडेही पुष्कळ आहेत. मला ती नावं शब्दाच्या तब्येतीची खूण वाटतात. प्रत्ययासारखा कुठेही जोडता येतो, तो शब्द भाषेत खोल रुजलेला असतो.

आता भाचीचं कोडं. बोल हे मुळात सुटे सामने. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसे. हंगामातल्या बारा सामन्यांपैकी सहा जिंकले की संघ साधारणपणे बोलला पात्र ठरतो, आणि असे सामने आता चाळीसच्या आसपास आहेत. अमेरिकन लोक अशा संघासाठी ‘बोल एलिजिबल’ असं विशेषणच वापरतात. त्याला मराठीत ‘बोलपात्र’ म्हणून पाहा: पात्र म्हणजे लायक आणि पात्र म्हणजे भांडंही. दोन्ही अर्थ आपसूक बसतात.

राष्ट्रीय विजेता ठरवण्यासाठी बाद फेरी आली, तेव्हा जुने मानाचे बोल मोडून न टाकता तिच्यातच गुंफले. २०२४च्या हंगामापासून तिच्यात बारा संघ आहेत. पहिल्या फेरीचे चार सामने विद्यापीठांच्या घरच्या मैदानांवर झाले. त्यांना बोल म्हणत नाहीत. उपांत्यपूर्व फेरीचे चार आणि उपांत्य फेरीचे दोन, हे सहा सामने रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच या सहा बोलांना वाटून दिले. अंतिम सामना पुन्हा बोल नाही. ओहायो स्टेटने आधी घरच्या कोलंबस शहरात टेनेसीला ४२-१७ हरवलं. मग रोझ बोलमध्ये ओरेगनला ४१-२१ आणि कॉटन बोलमध्ये टेक्ससला २८-१४. शेवटी २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेतेपद घेतलं. चार विजय, त्यांतले मधले दोन बोल. भाचीचे दोन्ही निरोप तंतोतंत बरोबर होते.

क्रिकेटशी नातं? इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार एकच असले तरी शब्द दोन आहेत. वाडगा या अर्थाचा शब्द जुन्या इंग्रजीतला, जर्मानिक कुळातला. बोलिंग, बोलर, बोल्ड यांतला मात्र फ्रेंचमधल्या चेंडू या अर्थाच्या ‘बूल’वरून आलेला. तो मूळचा लॅटिन, बुडबुडा या अर्थाचा. म्हणजे रोझ बोल आणि क्लीन बोल्ड हे नामसाधर्म्याचे शेजारी आहेत, सख्खे नव्हेत.

राहिला लेखनाचा प्रश्न. उच्चार ‘गोल’, ‘रोल’ यांच्याशी जुळणारा आहे, म्हणून ‘बोल’. ‘बाऊल’ हॉटेलच्या मेनूत रूढ झाला आहे. सूपचा, सॅलडचा बाऊल तिथे खुशाल असू द्यावा, पण खेळाच्या नावात उच्चाराला धरून लिहिलेलं बरं. अडचण एवढीच की ‘बोल’ सुटा आला की तबल्याचे बोल किंवा बोल लावणं आठवतं. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘बोल सामना’ लिहावं, पुढे नुसतं बोल चालेल. ‘रोझ बोल चषक’ किंवा ‘गुलाब वाडगा’ अजिबात नको. पहिल्यात अर्थ चुकतो, दुसऱ्यात विशेषनाम हरवतं. ‘पोस्टसीझन’साठी ‘हंगामोत्तर’ शुद्ध आहे, पण ‘हंगामानंतरचे सामने’ वाचताना अडखळायला होत नाही. लिंग सामन्याचं घ्यावं, पुल्लिंगी: ‘ओहायो स्टेटने रोझ बोल जिंकला’. आणि जागेबद्दल बोलायचं असेल तेव्हा स्टेडियम हा शब्द गाळू नये: ‘रोझ बोल स्टेडियम पॅसाडिनात आहे’.