वही कधी मिटायची?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सात कर्मचारी आणि दारोदार जाऊन रोजची ठेव गोळा करणारे अकरा पिग्मी एजंट आहेत. १ एप्रिलला सॉफ्टवेअर सुरू केलं, पण आठ महिने झाले तरी वह्या चालूच आहेत. व्यवहार आधी रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत लिहितात, संगणकावर दुसऱ्या दिवशी चढवतात. जुने हेडक्लार्क म्हणतात, मशीनचं व्याज चुकतं. संचालक म्हणतात, सक्ती करा. काय करावं?
— सचिव, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : सक्ती नको. आधी व्याजाचं बघा, कारण हेडक्लार्क बरोबर असू शकतात. बचत खात्याचं व्याज हाताने काढताना १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायची जुनी रीत आहे. बँकांनी १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज धरलं आणि तुमचं सॉफ्टवेअरही बहुधा तसंच धरत असेल. मग महिन्याच्या मधे भरणा किंवा उचल झालेल्या खात्याचे आकडे जुळतील कसे? संस्थेच्या नियमांत कोणती पद्धत आहे ते काढा, सॉफ्टवेअरवाल्याकडून तीच बसवून घ्या आणि निरनिराळ्या प्रकारची २० खाती हेडक्लार्कांकडूनच तपासून घ्या. त्यांची सही होईपर्यंत पुढे जाऊ नका. वर्षानुवर्षं सगळ्या खात्यांची खाचखोच ज्याला तोंडपाठ, त्याचा शब्द नव्या पद्धतीतही चालला पाहिजे.

सुरुवातीच्या शिलकाही पुन्हा पडताळा. मार्चअखेरच्या वसुलीच्या धांदलीत चढवलेल्या आकड्यांत चुका राहतातच. तेरजेची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्याची, नुसती बेरीज बघू नका. एका खात्यात ५०० जास्त आणि दुसऱ्यात ५०० कमी असले तरी बेरीज जुळते. खातेवार टिक करा.

खरं दुखणं मात्र दुहेरी कामाचं. वही मिटण्याची तारीखच ठरलेली नाही, म्हणून माणसं वहीलाच खरं मानतात. यापुढे पावती काउंटरवर संगणकातूनच निघू दे, वही संध्याकाळी पडताळ्यापुरती. हातातली रोकड आणि संगणकाची रोजकीर्द सलग दहा दिवस जुळली की वही बंद. एक दिवस चुकलं की मोजणी पुन्हा एकपासून.

ही तारीख मात्र परिपत्रकाने लादू नका, कर्मचाऱ्यांना बसून ठरवू द्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी अमेरिकेत गृहिणींवर प्रयोग केला. एरवी न शिजवलं जाणारं गुर्दा, हृदय यांचं मांस घरी करा, असं काहींना व्याख्यानातून सांगितलं. काहींना आपसांत चर्चा करून ठरवू दिलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते शिजवलं, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा ठेवा. एकाच पासवर्डवर सगळे बसले की तूट कोणाच्या माथी येईल या धास्तीने माणूस वहीकडे वळतो. पिग्मी एजंटांच्या हातात वसुलीची मशीन सगळ्यात शेवटी द्या, तीही दोन-तीन एजंटांपासून. गल्लीत ठेवीदारासमोर आकडा चुकला तर संस्थेवरचा विश्वास जातो, आणि तो ऑफिसात बसून भरून काढता येत नाही.