कविता छापायचीच कशाला?

प्रश्न : सर, पंचवीस वर्षं कविता लिहितेय, तीन वह्या भरल्यात. मुलगी म्हणते पुस्तक काढ. एका प्रकाशकाला विचारलं तर म्हणाले खर्च तुमचा आणि दोनशे प्रतीही तुम्हीच उचलायच्या. मग वाटलं, स्वतःसाठीच लिहिलं ना, छापायची हौस कशाला? हा नावाचा सोसच नाही का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ताई, नावाचा सोस थोडा असतोच, असू दे की, त्यात लाजण्यासारखं काय आहे. पण नुसत्या नावासाठी कोणी वर्षानुवर्षं संपादकांचं 'साभार परत' झेलत नाही हो. कवीला हवा असतो अनोळखी वाचक. घरचे वा म्हणतात ते तुमच्या तोंडाकडे बघून, परक्या माणसापुढे फक्त कविता असते. माझी पहिली कविता दिवाळी अंकात आली तेव्हा मित्रांनी पार्टी उकळली, आणि महिन्याभराने एक पोस्टकार्ड आलं, 'विहीर आमच्या गावचीच वाटली पण रहाट असा वाजत नाही', बस एवढंच, खाली सही. ती ओळ मी बदलली, कार्ड अजून जपून ठेवलंय.

तुमच्याच जिल्ह्यातल्या बहिणाबाई बघा, लिहिता येत नव्हतं, काम करता करता गाणी सुचायची आणि मुलगा सोपानदेव वगैरे घरची मंडळी ती उतरवून घ्यायची. १९५१ला त्या गेल्या, मग सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ला पुस्तक आलं. त्यांनी स्वतः छापायचा ध्यास घेतला नव्हता, पण दुसऱ्या कुणी घेतला म्हणूनच ती गाणी खानदेशाबाहेर पोचली, नाहीतर घरातच विरली असती, या विचाराने मला आजही धस्स होतं. केशवसुत १९०५ला गेले, हयातीत एकही संग्रह नाही, पण कविता मासिकांतून येत होत्या, त्यात जळगावची 'काव्यरत्नावली'सुद्धा होती.

तेव्हा पुस्तकाचं आत्ताच मनावर घेऊ नका, पैसे तर भरूच नका. वह्यांतून दहा कविता निवडा, स्वच्छ टाइप करून घ्या, तेव्हाच दोन-तीन आपोआप गळतील बघा. उरलेल्या मासिकांना, दिवाळी अंकांना पाठवा, कॉपी जवळ ठेवा. अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या खूप आधी सुरू होते, त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवलेलं बरं. आणि आधी तिसरी वही उघडा, ती ताजी आहे.